अक्कांची डिरोना

कोल्हापुरात समुद्र नाही. रंकाळा आहे, पंचगंगा आहे, पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी आहे, पण समुद्र नाही. तो घाट उतरून पलीकडं, कोकणात. आणि थंड पाण्याचा समुद्र तर विचारूच नका. आमच्याकडं थंड पाणी म्हणजे माठातलं. असं असूनही आमच्या कॉलेजातल्या एक बाई प्रशांत महासागराच्या उत्तरेकडच्या गार पाण्यात राहणाऱ्या एका बोटभर गोगलगायीपायी जिवाचं रान करत होत्या, तिच्या घराण्यावरून भर स्टाफरूममध्ये भांडत होत्या, आणि त्या भांडणात आपल्या सगळ्यात लाडक्या खोलीला मुकल्या. ऐकणाऱ्याला वाटेल मी थापा मारतेय. मारत नाही. मी तिथं होते, आणि माझ्या केसांत त्या दिवशीचा गुलाल चार वेळा न्हायलं तरी निघाला नव्हता.

कागदावर त्या प्रा. हौसाबाई मगदूम, प्राणिशास्त्र विभाग. प्रिन्सिपॉलपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणत. मूळच्या कुरुंदवाडच्या, शेतकरी घरातल्या. लग्न केलं नव्हतं; का, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "वेळ कुठं हाय? रविवारी मॅच असती." उंच, हाडापेरानं मजबूत बाई. अंगावर इरकली साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या बुटांवर लुना चालवत येताना शाहूपुरीतले दुकानदार हातातलं गिऱ्हाईक सोडून बघायचे. राहायला शिवाजी पेठेत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या, कारण काय तर म्हणे गल्लीतली पोरं पेठेच्या फुटबॉल संघात खेळतात, सामन्याच्या आदल्या दिवशी त्यांची तयारी डोळ्यांखाली राहते. आवाज असा की गच्चीवरून त्यांनी "ऑफसाइड!" म्हटलं तर गल्लीत पत्ते खेळणारे आजोबासुद्धा मागं सरकायचे.

मी नव्वदीच्या सुरुवातीला वनस्पतिशास्त्रात लागले. आम्हा झाडपाल्यावाल्यांची आणि प्राणीवाल्यांची स्टाफरूम एकच. पहिल्या दिवशी आत शिरताना मी दारातच रेंगाळले होते. मी बौद्ध घरातली. नव्या ठिकाणी कुणी गोड हसून "आडनाव काय?" विचारलं की त्यापुढचे प्रश्न मला पाठ असायचे, आणि त्यानंतर बदलणारे चेहरेही. कुणीतरी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात कोपऱ्यातून दणदणीत आवाज आला.

"थांब, सांगू नकोस! मी सांगतो."

आमच्याकडच्या बायका 'मी सांगतो, मी जातो' असंच बोलतात, त्याचं इथं कुणाला काही वाटत नाही. अक्का उठल्या, बाजारात म्हैस बघावी तशी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "कागलकडची हाईस. हे कपाळ नि ही चाल दुसरीकडं कुठं मिळायची न्हाय. आईचं माहेर मातूर निपाणीकडं. खरं का खोटं?"

"खरं," मी म्हटलं. दोन्ही बरोबर होतं.

"मग बस की तंगी. भडंग खा."

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. कुरुंदवाडकडं कानडी अशी बोलण्यात मिसळलेली असते. तोंड उघडलेल्या गृहस्थांनी तरीही आडनावाचं काढलंच, तर अक्का म्हणाल्या, "ते पगारपत्रकावर असतंय, तिथं वाचा. तुम्हीबी भडंग खावा." मला तिथल्या तिथं रडू आलं. भडंग बेदम तिखट होतं म्हणून ते खपून गेलं.

चेहऱ्यावरून गाव ओळखणं ही अक्कांची विद्या होती आणि त्यांना तिचा फार गर्व होता. कान, कपाळ, हनुवटी, चालताना पाय कसा टाकतो, शिंकताना मान कुठं वळवतो, यावरून त्या माणसाचं आजोळसुद्धा सांगायच्या. एकदा परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. कडक गृहस्थ. मुलं थरथरत होती. अक्का त्यांच्याकडं एकटक बघत राहिल्या. ते बिचारे सारखी शर्टाची गुंडी चाचपू लागले. शेवटी अक्का म्हणाल्या, "पावणं, तुमचं आजोळ शिरोळ तालुक्यातलं न्हवं का?" परीक्षक म्हणाले, छे, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पुण्याचे. "न्हाय म्हणू नका," अक्का म्हणाल्या, "ही कानाची पाळी कृष्णाकाठची हाय. घरी फोन लावून आईला विचारा." गृहस्थ चिडले, पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. दुपारी ऑफिसातून त्यांनी खरंच पुण्याला फोन लावला. परत आले ते पांढरेफटक. आईची आई शिरोळची निघाली. मग काय, चहा झाला, भडंग झालं, आजीच्या आठवणी झाल्या, आणि त्या वर्षी आमची मुलं अशा मार्कांनी पास झाली की त्यांच्या आईबापांनाच संशय आला.

वर्गीकरण शिकवायच्या तेही असंच. बाकीचे शिक्षक फळ्यावर संघ, वर्ग, गण, कूळ, वंश, जाती असा जिना काढायचे आणि मुलं तो घोकायची. अक्का म्हणायच्या, "गण म्हणजे भावकी. लग्नाकार्याला एकत्र येती, एरवी बांधावरनं भांडती. कूळ म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. आता सांगा, रातकिडा नि टोळ एका चुलीवर जेवतील का?" मागच्या बाकावरचा मुलगा उठून म्हणायचा, "न्हाय अक्का, पण एकमेकाच्या लग्नाला जातील." "बस! पास झालास!"

आणि त्यांचं म्युझियम. कॉरिडॉरच्या टोकाला एक लांबट खोली, भिंतभर फळ्या, फळ्यांवर बरण्या. साप, विंचू, तारामासे, दहा हातांचं माकूळ, एक दोन तोंडांचं वासरू. या खोलीची किल्ली अक्कांच्या कमरेला असायची. दर शनिवारी जुन्या साडीच्या मऊ तुकड्यानं एकेक बरणी पुसायच्या, कमी झालेलं फॉर्मॅलिन भरायच्या आणि पुसता पुसता बरण्यांना पेठेच्या मॅचची हकिगत सांगायच्या. मी स्वतः ऐकलंय. "काय सांगू तुला, शेवटच्या मिनिटाला हेडर मारला बघ," असं त्या एका माकुळाला सांगत होत्या. मला बघून जराही ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, "ह्यांना कोण सांगणार मग?" मला वाटतं, घर म्हणून त्यांना काही असेल तर ते पेठेतल्या दोन खोल्यांत नव्हतं, या एका खोलीत होतं.

अशात त्यांचा भाचा वसंता जहाजावरून रजेला आला. दुसऱ्यांचे भाचे परदेशातून मावशीला सेंट आणतात, साबण आणतात. वसंताला मावशी ठाऊक. त्यानं उत्तरेकडच्या कुठल्याशा गारठलेल्या बंदरात एका प्रयोगशाळेतल्या माणसाशी दोस्ती केली आणि मावशीसाठी एक बरणी मिळवली. स्पिरिटात बुडवलेले तीन जीव. बरणी बिस्किटाच्या डब्यात घालून, वर धोतर गुंडाळून त्यानं ती कुरुंदवाडला आणली, आणि दमून झोपी गेला. अक्कांच्या आईनं, अव्वांनी, डबा उघडला. परदेशी लोणचं असावं असा त्यांनी अंदाज केला. झाकण काढलं, वास घेतला, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोंब ठोकली, "वसंत्या दारू प्यायला लागला गं बाई! ती बी मांस घालून!" गल्ली जमली. वसंताला झोपेतून उठवून शपथा घ्यायला लावल्या. कुणीतरी शहाण्यानं कॉलेजात फोन केला, तेव्हा अक्का वर्गात होत्या. तास अर्धा सोडून, मिळेल त्या एसटीनं त्या कुरुंदवाडला पोचल्या. संध्याकाळच्या गाडीनं परत आल्या त्या बरणी मांडीवर घेऊनच. कंडक्टरनं विचारलं म्हणे, बाळ किती दिवसांचं?

बरणीतले ते तीन जीव म्हणजे राखाडी, आक्रसलेल्या, शेंगेएवढ्या वस्तू. जिवंतपणी त्यांना रंग असणार, पण स्पिरिटात सगळा उडालेला. पाठीवर मात्र बारीक टोकदार पाकळ्यांची दाटी, केळफूल सोलताना दिसते तशी. बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी एवढं कुणालाही सांगता आलं असतं. पण घराणं कुठलं? अक्कांनी बरणी डोळ्यांशी धरली, इकडून बघितली, तिकडून बघितली, आणि किंचाळल्या, "डिरोना! तंगी, ही डिरोना हाय!"

पुढचा महिनाभर आम्ही दुसरं काही ऐकलं नाही. डिरोनाचं घराणं एवढंसं. सगळं मिळून एकच वंश, जाती हाताच्या बोटांवर मोजाव्यात तेवढ्या, आणि राहायचं ते गार पाण्यात. दिसायला काचेसारखी नाजूक, पाकळ्यांना कुणाच्या पांढरी कड, पण जबडा असा की बारीक शंख फोडून आतला जीव खाते. "आपल्या पेठेतलीच वाटती की गं!" अक्का म्हणायच्या. पण त्यांचा जीव गुंतला होता तो वेगळ्याच गोष्टीत. या एवढ्याशा घराण्याला वर कुठल्या भावकीत बसवायचं, यावरून विद्वानांचा घोळ होता. पाकळ्या बघाव्यात तर इओलिड नावाच्या मोठ्या खटल्यासारख्या, पण आतून ती त्यांच्यातली नव्हे. म्हणून तिला दुसऱ्या एका गणात टाकलेलं, आणि तो गण म्हणजे कुठंच न बसणाऱ्यांची अडगळ, असं त्यातलेच काही लोक म्हणत. हे सांगताना अक्कांचा आवाज एकदम खाली यायचा. "कुणी आपली म्हणंना बघ तिला," त्या म्हणायच्या. "आपल्याकडं आलीया, तर आपण म्हणू की."

इथं प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख इनामदार सर आले. सर म्हणजे अक्कांच्या बरोब्बर उलटे. किरकोळ अंगाचे, हळू बोलणारे, खिशात नेहमी टोक केलेल्या पेन्सिली. चूक या गोष्टीचा त्यांना शारीरिक त्रास व्हायचा. भातात खडा लागल्यावर माणूस जसा थांबतो, तसे ते चुकीचं स्पेलिंग दिसलं की चालता चालता थांबायचे. दुकानाच्या पाटीवरसुद्धा. त्यांनी बरणी बघितली, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "मगदूम मॅडम, ही डिरोना नाही. हे साधे इओलिड आहेत."

अक्कांनी बरणी त्यांच्या नाकाखाली धरली.

"सर, तोंड बघा की तिचं! रुंद, पदरासारखं तोंड हाय. इओलिडला म्होरं लांब मिशा असत्यात."

"आक्रसलंय ते. स्पिरिटात सगळ्यांचंच तोंड तसं होतं."

"मी तोंड बघून पुण्याच्या माणसाचं आजोळ सांगतो, नि मला गोगलगाय कळंना व्हय?"

"चेहरा हा पुरावा नव्हे," सर शांतपणे म्हणाले.

आता यात ठरवायचं कसं, तर एक साधी कसोटी होती. इओलिडच्या पाठीवरच्या पाकळीत यकृताची फांदी शिरलेली असते. आणि हे चोर लोक दुसऱ्याला खाऊन त्याच्या नांग्या स्वतःच्या पाकळीच्या टोकाला साठवतात. डिरोनाच्या पाकळीत यकृत शिरत नाही. म्हणजे एक पाकळी आडवी कापायची आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं, मध्ये तपकिरी गाभा आहे का नाही. पाच मिनिटांचं काम. पण अक्का त्या तीन जिवांना सुरी लावायला तयार नव्हत्या, "पाहुणी म्हणून आलीया नि आल्या आल्या कापू व्हय?" असं म्हणून. भांडण वर्षभर चाललं. फळ्यावर खडूनं चित्रं निघाली, पुसली गेली, डब्यांतल्या आमट्या गार झाल्या. एकदा सर्वांसमोर सर म्हणाले, "भीती वाटते का मॅडम, बघायची?"

झालं. पेठेत राहणाऱ्या बाईला भीती वाटते का म्हणून विचारायचं नसतं. अक्का खुर्ची मागं सारून उभ्या राहिल्या.

"सर, पाकळी कापू. सगळ्यांच्या देखत. आत यकृत निघालं, तर म्युझियमची किल्ली तुमच्या टेबलावर, नि मी परत त्या खोलीत पाय ठेवणार न्हाय. माझा शब्द."

"अहो, एवढं कशाला..." सर चाचरले.

"शब्द!" अक्का म्हणाल्या, आणि डबा बंद करून निघून गेल्या. मी सरांकडं बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांना बरोबर ठरायचं होतं, कुणाची खोली नको होती.

आता ही बातमी पेठेत पोचली कशी ते देव जाणे, पण पोचली ती कोल्हापुरी पद्धतीनं. "अक्कांची इनामदार सरांशी लागलीया, शनिवारी निकाल हाय." कसला निकाल, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. निकाल म्हटल्यावर पोरांना एवढंच कळतं की आपलं माणूस जिंकणार, आणि जिंकल्यावर गुलाल लागतो. शनिवारी सकाळी प्रयोगशाळेत आम्ही जमलो, तर खिडकीखाली पेठेचा अख्खा संघ, दोन हलग्या, गुलालाची पोती. प्रिन्सिपॉल धावत आले. त्यांना वाटलं निवडणूक लागली.

अक्कांनी हात धुतले. बरणी उघडली. तळाशी एक पाकळी आपसूक गळून पडलेली सापडली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद दिसला म्हणून सांगू! "बघा, तिनंच काढून दिली." वॉचग्लासमध्ये पाकळी घेतली, ब्लेड उचललं, आणि एवढ्या थोरल्या हातांनी इतका पातळ काप घेतला की त्यातून पलीकडचं दिसावं. खाली हलगी कडाडत होती. अक्कांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

आणि तशाच राहिल्या.

सर पेन्सिल दोन्ही हातांत धरून उभे होते. अक्कांनी काप जरा सरकवला, परत बघितलं. त्यांना "पोकळ हाय" म्हणून काच खाली पाडता आली असती. आमच्यातल्या कुणीही तपासलं नसतं. सरांनीसुद्धा तपासलं नसतं, मला खात्री आहे. अक्कांनी मान वर केली.

"सर, तुमचं खरं. यकृत हाय आत. ही इओलिड हाय."

अक्का खिडकीकडं गेल्या, पोरांना घरी जा म्हणून सांगायला. त्यांनी खिडकी उघडली, बाहेर तोंड काढलं, आणि खालच्या सगळ्या गर्दीला वाटलं, जिंकल्या! "अक्काsss!" अशी आरोळी उठली, हलग्या दुप्पट वाजायला लागल्या, आणि गुलालाचा असा लोट आत आला की मी, प्रिन्सिपॉल, मायक्रोस्कोप, सगळे गुलाबी. अक्का दोन हात वर करून ओरडत होत्या, "आरं, हरलो! हरलो मी!" पोरांना ते 'उधळा' असंच ऐकायचं होतं. दुसरं पोतं फुटलं.

अक्का वळल्या. नखशिखांत गुलाल. मला वाटलं आता रडतील. त्या खो खो हसायला लागल्या. ओंजळ भरून टेबलावरचा गुलाल उचलला आणि इनामदार सरांच्या कपाळाला, गालांना, चष्म्याला फासला. "घ्या! निकाल लागला म्हंजे गुलाल लागलाच पायजे! न्हाई तर कळायचं कसं खरं काय ते!" सर हसायचं का नाही हे न कळून शिंकले. मग खाली मिरवणूक निघाली. हरलेल्या अक्का आणि गोंधळलेले सर, दोघंही पोरांच्या खांद्यावर. शिवाजी पेठेपर्यंत. आजही पेठेत कुणाला विचारा, त्या दिवशी अक्काच जिंकल्या होत्या.

सोमवारी सकाळी सर आले तेव्हा किल्ली त्यांच्या टेबलावर होती.

सरांनी ती परत द्यायचा किती प्रयत्न केला! "मॅडम, मी कधी मान्य केली होती अट?" "मी केलती न्हवं?" "विसरा ते." "शब्द इसरायचा आसतोय व्हय सर?" संपलं. मग आमच्या कॉलेजात एक विचित्र पद्धत पडली. म्युझियमचं प्रॅक्टिकल असलं की मुलं आत आणि अक्का बाहेर व्हरांड्यात, खिडकीच्या गजांना धरून. "तिसऱ्या फळीवरची डावीकडची घे रं! ती न्हवं, तिच्या शेजारची! हळू, हळू, लेकरू हाय का दगूड?" पुढं पावसाची झड आली तर छत्री घेऊन उभ्या राहायच्या. शनिवारची पुसापुशी दुसऱ्यांवर आली आणि अक्का खिडकीतून बघत राहायच्या, कुणी ओल्या फडक्यानं पुसलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. हे एक-दोन महिने नव्हे, वर्षानुवर्षं चाललं. दोन हजार साल उजाडलं, शहरात मोबाइल वाजायला लागले, खालच्या मजल्यावर कॉम्प्युटर आले, अक्का आपल्या खिडकीत. दिवसभर हसत, पोरांना हसवत. पण संध्याकाळी सगळे गेले की मी त्यांना तिथं गजांवर कपाळ टेकून उभं राहिलेलं बघितलंय, आणि मला इनामदार सरांचा, त्या गोगलगायीचा आणि जगातल्या समस्त यकृतांचा मनापासून राग आलाय.

रिटायर झाल्यावर त्या कुरुंदवाडला गेल्या. तिथं मी दोन-तीनदा भेटले, नदीकाठी गोगलगायी शोधत पोरांचा घोळका घेऊन फिरायच्या. पण माझ्या डोळ्यांसमोर अक्का येतात त्या कॉलेजातल्या त्यांच्या शेवटच्या दिवसाच्या.

त्या दिवशी भाषणं झाली, नारळ-शाल झाली. मग इनामदार सर उठले आणि म्हणाले, "मॅडम, आपण म्युझियममध्ये पाय ठेवणार नाही म्हणाला होतात. म्युझियमनं बाहेर येऊ नये असं काही ठरलं नव्हतं." आम्ही व्हरांड्यात आलो तर कॉरिडॉरभर बाकं लावलेली आणि बाकांवर सगळं म्युझियम. सगळ्या बरण्या, ते वासरूसुद्धा. अक्का तोंडाला पदर लावून उभ्याच राहिल्या. मग एकेकीला हात लावत चालायला लागल्या. "कशी हाईस? जाड झालीस गं. ह्याचं झाकण कुणी ढिलं ठेवलं?" गोगलगायींच्या बरणीशी आल्यावर म्हणाल्या, "तुझ्यापायी!" आणि तिच्यावर हळूच टिचकी मारली. आम्ही सगळे रडत होतो आणि हसत होतो.

ऊन कलायला लागलं तसे सर म्हणाले, "आता परत लावतो मी." आणि एकेक बरणी उचलून आत न्यायला लागले. अक्का सवयीनं खिडकीत गेल्या. "सर, विंचू वर. व्हय, तिथंच." अक्का सांगतील तसं सर लावत होते. मग त्यांनी गोगलगायींची बरणी उचलली. आत गेले. आणि ती जळवांच्या फळीवर ठेवली.

"सर! तिथं न्हवं!"

सरांना ऐकू आलं नाही. शेजारच्या जळवांच्या बरण्या सरकवून त्यांनी जागा आणखी ऐसपैस केली. चुकीचं स्पेलिंग दिसलं की रस्त्यात थांबणारा हा माणूस.

"अहो सर! जळवा त्या! तिचा त्यांचा काय संबंध? डोकं फिरलं का तुमचं? आवो, भावकी सोडा, एका गावातली न्हाईत ती!"

सर पाठमोरे. त्यांनी बरणी आणखी आत, जळवांच्या मधोमध ढकलली.

"आरं देवा!" अक्का म्हणाल्या, आणि खिडकी सोडली, दारातून तरातरा आत शिरल्या, सरांच्या हाताखालून बरणी ओढून घेतली आणि तिच्या फळीवर, तिच्या माणसांत नेऊन ठेवली. पदरानं काच पुसली. शेजारची बरणी तिरकी होती ती सरळ केली. वरच्या फळीवर धूळ दिसली, तिथं हात गेला. माकुळाची बरणी उजेडाकडं वळवली. आम्ही व्हरांड्यात उभे होतो. कुणीतरी काही बोलणार, तेवढ्यात सरांनी ओठांवर बोट ठेवलं.

अक्कांनी मागं वळून बघितलं.

"काय पुतळ्यावाणी उभं राहिलायसा? अजून बाहेर ऱ्हायल्यात न्हवं? द्या की सर, म्होरची बरणी द्या."

इनामदार सरांनी दिली. तीही मुद्दाम चुकीचीच.